अर्धं दार

आमच्या गोत्री भागातल्या बालवाडीनं पालकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा मी भिंतीवर इंद्रधनुष्य हवं म्हणून पाच मिनिटं बोललो. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत एक अनोळखी गुजराती बाई ऐकत होती. म्हणाली, "काका, एकदा मुलांच्या संडासात जाऊन दार लावा ने."

मी हसत गेलो. आत मिट्ट काळोख! अर्ध्या मिनिटात घामाघूम होऊन बाहेर आलो.

"बीक लागली ने, भीती वाटली ने? माझी छोकरी दिवसभर शू दाबून धरते."

ते दार आम्ही वरून अर्धं कापलं. दुसऱ्या दिवशी तिची छोकरी आत बसली आणि ओरडली, "मम्मी, तू देखाय छे!" कापलेल्या दारावरून तिला आई दिसत होती. बाईच्या बोटावरची ओढणी सुटली.

तिचं नाव विचारायचं राहिलंच. इंद्रधनुष्यही राहिलंय, त्याची आठवण मात्र कुणीच काढत नाही.