काळी गोळी आणि दहाची कॉफी

आमच्या पाऊ-फेर्रोच्या डोंगरात बासष्ट घरं आहेत आणि बासष्टही घरांचे उंबरे लिओनीदियाच्या पायांना पाठ आहेत. ती आरोग्यसेविका. एकोणीस वर्षं झाली, निळी पिशवी खांद्याला अडकवून ती घरोघर चढते. म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघते, बाळांचं वजन करते आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, "ही कशाबरोबर घेता?"

मधली काही वर्षं ती चढत नव्हती. वजन एकशे एकतीस किलो झालं होतं, गुडघे बोलू लागले होते. दूधवाल्याच्या गाडीत पुढे बसून यायची आणि खालूनच हाका मारायची. लोक रक्तदाब मोजून घ्यायला उतरून यायचे, पण ते तिच्या मनाला लागायचं. सरकारी रुग्णालयाच्या यादीत चार वर्षं थांबून तिनं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. अंड्याएवढं पोट शिल्लक राहिलं. दीड वर्षात ती अठ्ठ्याहत्तर किलोवर आली आणि एका सकाळी पुन्हा पायी डोंगर चढली. त्या दिवशी आम्ही कामं सोडून कुंपणाशी उभे होतो.

डॉक्टरांनी एक अट घातली होती. एवढंसं पोट अन्नातून सगळं सत्त्व काढू शकत नाही, म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. ऑपरेशन झालेल्या बायका एक परदेशी बाटली घेत. तिला दर महिन्याला दोनशे ऐंशी रेआईस मोजावे लागत. लिओनीदियानं दोन महिने ती घेतली, मग बाटलीवरचं सगळं लेबल अक्षर न अक्षर वहीत उतरवलं आणि बसनं तालुक्याला गेली. तिथं एवांदीर नावाचे म्हातारे औषधवाले आहेत. माणसाला लागेल तेवढंच मोजून ते कॅप्सूल भरून देतात.

वहीशेजारी त्यांनी रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ जानाईना यांचा कागद ठेवला आणि ओळ अन् ओळ ताडून पाहिली. बी-बारा महिन्याला टोचून घ्यायचं, ते गावच्या दवाखान्यात फुकट मिळतं. लोहाची काळी गोळीही तिथंच फुकट. कॅल्शियम मात्र सायट्रेट जातीचं हवं, छोट्या पोटात आम्ल कमी असतं म्हणून. ते आणि उरलेलं सगळं एवांदीर सत्तर रेआईसमध्ये करून देणार होते.

"आणि बाटलीत जास्तीचं काय होतं?" लिओनीदियानं विचारलं.

"स्ट्रॉबेरीचा वास," एवांदीर म्हणाले.

एवांदीरनी केलेली यादी जानाईनांनी वाचून तिच्यावर सही केली. कुणाचं ऐकून नव्हे, स्वतः वाचून, विचारून, ताडून लिओनीदियानं हे ठरवलं होतं. आमच्याकडे बैलसुद्धा इतकं बघून कुणी घेत नाही.

पण तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली. जानाईनांनी स्पष्ट सांगितलं की पुढच्या तीन महिन्यांत आणखी घसरलं तर शहरात जाऊन शिरेतून लोह घ्यावं लागेल आणि डोंगर बंद. दवाखान्यात टेबलाशी बसायचं, नोंदी करायच्या. लिओनीदिया त्या दिवशी बसमधून उतरली ती चढाला लागण्याआधी दोनदा थांबली. आम्ही पाहिलं.

तिची भावजय म्हणाली, स्वस्तातलं घेतलंस, आता भोग. लिओनीदियाही मनातून हललीच होती. परदेशी बाटलीचे पैसे घेऊनच ती एवांदीरच्या दुकानात गेली. त्यांनी पैशांकडे पाहिलं नाही. दिवसभराचं विचारलं. तिनं सांगितलं, पहाटे रिकाम्या पोटी काळी गोळी घेतली की उलटी होते, रात्री घेतली की छातीत जळतं, म्हणून ती दहाला घेते, वरच्या अंगाच्या म्हाताऱ्या ओतावियानाच्या घरी, चीझचा एक गोळा खाऊन.

"कशाबरोबर घेता?" एवांदीरनी विचारलं.

लिओनीदियानं उत्तर दिलं आणि स्वतःच ते ऐकलं. कॉफीबरोबर. एकोणीस वर्षं बासष्ट घरांत विचारलेला प्रश्न तिनं स्वतःला एकदाही विचारला नव्हता. कॉफी लोह अंगी लागू देत नाही, चीझही त्याची वाट अडवतं, हे तिनं किती गरोदर बायकांना सांगितलं होतं. पण डोंगरात कॉफी हे पिणं नाहीच. तो उंबरा ओलांडल्याचा शिक्का. कप नाकारणं म्हणजे घर नाकारणं.

पैसे परत पिशवीत गेले. दुसऱ्या दिवसापासून आठ ते बारा तिनं कॉफी बंद केली, आणि घरांचे चेहरे बंद झाले. ओतावियाना ब्याऐंशी वर्षांची, तिच्या चुलीवरची कॉफी डोंगरात पहिली. ती तीन दिवस बोलली नाही. रक्तदाबाला हात पुढे करी आणि भिंतीकडे बघे. चौथ्या दिवशी 'दोना', म्हणजे बाईसाहेब, असं परक्यासारखं संबोधून म्हणाली, "दोना लिओनीदिया बारीक झाल्या, आता त्यांना आमचे कप जाड लागतात."

लिओनीदियानं यंत्र बाजूला ठेवलं. मूठ मिटून दाखवली, मग त्यातला अर्धा भाग झाकला. "आत्या, माझं पोट आता एवढं आहे. त्यात ही काळी गोळी आणि तुझी कॉफी एकत्र मावत नाहीत, भांडतात. आणि जिंकते दरवेळी तुझी कॉफी. ती अशीच जिंकत राहिली तर मला डोंगर चढता येणार नाही."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"म्हणजे माझ्याशी भांडण नाही."

"नाही."

"तुझ्या त्या गोळीला आवडतं काय?"

"आंबट."

ओतावियाना उठली, परसात गेली आणि ओच्यातून केशरी सालीची रानलिंबं घेऊन आली. एरवी ती आमच्याकडे झाडाखालीच सडतात. पेल्यात पिळली, पाणी घातलं, चीझच्या जागी केळं ठेवलं. लिओनीदियानं गोळी गिळली. म्हातारी पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही.

पुढच्या आठवड्यात एकाही घरात कुणी कप पुढे केला नाही. खिडकीत लिंबं दिसू लागली. ज्यांच्याकडे झाड नव्हतं त्यांनी शेजारून मागून आणली. एकानं तर तिच्यासमोर आपल्या गरोदर सुनेचीही कॉफी उचलून नेली. लिओनीदिया दात आंबेपर्यंत प्यायली, पण नाही कुणालाच म्हणाली नाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर होतं. जानाईनांनी विचारलं, बाटली बदललीत का? ती म्हणाली, नाही, रस्ता बदलला.

ते खरंच होतं. एकोणीस वर्षं वरच्या अंगानं सुरू होणारी आपली फेरी तिनं उलटी केली. आता सकाळी ती खालच्या घरांतून, लिंबाच्या घरांतून निघते, आणि ओतावियानाचं घर सगळ्यात शेवटी, तीन वाजता येतं. काळ्या गोळीचं काम तोवर संपलेलं असतं. शेवटचा चढ उभा आहे, पण ती थांबत नाही. वर धूर दिसतो, आणि कॉफी गाळल्याचा वास कुंपणापर्यंत उतरून तिला घ्यायला आलेला असतो.