कुणाची प्रत ठेवायची

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं वडवणीच्या रस्त्याला चारा छावणी घातली, तेव्हा मी पुण्यातली नोकरी गमावून गावी येऊन बसलो होतो. सोसायटीच्या सचिवांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांनी मला जनावरांची यादी संगणकावर करायला लावलं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कानातल्या बिल्ल्याचा नंबर यादीत असला की सकाळी चाऱ्याची चिठ्ठी निघायची, नसला तर चारा नाही. सरकारी तपासणीच्या धाकानं छावणीवरची माणसं या नियमाला चिकटून होती.

यादी मी माझ्या लॅपटॉपवर दुरुस्त करायचो, अण्णा ऑफिसच्या संगणकावर. दोन्हींचा मेळ लागेना, म्हणून पुण्यातल्या मित्रानं फोनवरून मला गिट नावाचा, बदलांचा हिशोब ठेवणारा प्रोग्रॅम शिकवायला घेतला. प्रत्येक बदलाची नोंद करायची. कुणी केला ते आपोआप राहतं, का केला ते आपण एका ओळीत लिहायचं. एवढ्यावरच मी स्वतःला फार शहाणा समजायला लागलो.

सोमवारी दोन्ही प्रती जोडताना गिट अडलं. एकाच जागी माझं वेगळं, अण्णांचं वेगळं. कुणाचं ठेवू, असं ते विचारत होतं. आमच्याकडं वडीलधाऱ्यानं लिहिलेलं पोरानं खोडायची पद्धत नाही. मी न वाचता अण्णांची प्रत ठेवली, माझी सोडून दिली, आणि वर आपण रीतीनं वागलो असंही वाटून घेतलं. अण्णांची प्रत दोन दिवस जुनी होती, हे बघायचं सुचलंच नाही.

मंगळवारी एक म्हातारी ऑफिसात आली. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, मागं ती आणि एक म्हैस. रविवारी मीच तिच्या म्हशीची नोंद केली होती.

"बिल्ला हाय की कानात. मंग चिठ्ठी कावून न्हाई?"

मी यादी वरखाली केली. म्हैस नव्हतीच. उद्या बघतो मावशी, म्हणून मी तिला लावून दिलं. हातानं चिठ्ठी लिहून दिली असती तर मला कुणी फाशी देणार नव्हतं, पण संगणकात नाही ते द्यायची माझी छाती झाली नाही.

मित्राचा फोन लागेना. केलेलं सगळं पुसलं गेलं, या धास्तीनं मी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होतो. बुधवारी दुपारी फोन लागला, तेव्हा त्यानं शांतपणे विचारलं, लॉग बघितलास का, आजवरच्या सगळ्या नोंदींचा? असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. बघितलं तर रविवारची नोंद जशीच्या तशी होती, म्हैस, नंबर, माझं नाव. ती यादीतून गेली त्या नोंदीवरही माझंच नाव होतं.

पाच मिनिटांत म्हैस यादीत परत आली. चिठ्ठी घेऊन मी उन्हात छावणीकडं पळालो. तिची जागा रिकामी होती. शेजारचा माणूस म्हणाला, काल आम्हीच थोडं थोडं दिलं, आज आमच्याच जनावरांना पुरंना. ती सकाळीच म्हैस घेऊन बाजाराला गेली होती.

संध्याकाळी ती नुसतं दावं घेऊन परत आली. मला बघून ती छावणीतलं आपलं सामान आवरायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी म्हैस यादीतून काढायला सांगितली. मी काढली. गिटनं कारण मागितलं. अण्णा मागं उभे होते. मालकानं जनावर विकलं असं लिही, म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण माझी बोटं चालेनात. शेवटी मी लिहिलं, 'मी न वाचता यादी जोडली. दोन दिवस चारा मिळाला नाही. म्हैस विकावी लागली.'

अण्णांनी चष्मा सारखा करून दोनदा वाचलं.

"हे मागनं खोडता येतं का?"

"न्हाई, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे मंग."