तरे सरांनी पुन्हा टाइप केलेल्या पुस्तिका

मधुकर गणपत तरे सरांची आणि माझी पहिली भेट एका तक्रारीच्या निमित्ताने झाली. भिवंडीच्या आपल्या वाचनालयात मी साहाय्यक ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. सर तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते आणि वाचनालयाचे जुने सभासद होते. त्यांनी माझ्या टेबलावर एक छापील कागद ठेवला आणि नम्रपणे विचारले, "बाई, ही आपल्याच वाचनालयाची पुस्तकांची यादी. काल पेन ड्राइव्हवर घरी नेली होती. यातलं पहिलं नाव जरा वाचून दाखवता का?"

कागदावर कंस, डॉलरची चिन्हे, इंग्रजी अक्षरे आणि मधूनच एखादा आकडा, असा नुसता सडा पडला होता.

"सर, आमच्या संगणकावर तर नीट मराठी दिसतं," मी म्हणाले.

"दिसतं ना. पण आत मराठी नाही," सर म्हणाले.

मग त्यांनी उभ्या उभ्या मला समजावले. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवतो. फॉन्ट त्यांना वरून मराठीचे कपडे घालतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल गेली की कपडे उतरतात. युनिकोडमध्ये 'क' हा आत साठवतानाही 'क'च असतो, म्हणून तो कुठेही गेला तरी 'क'च राहतो. मला हे लगेच पटले. पटूनही पुढची कित्येक वर्षे मी याद्या जुन्याच फॉन्टमध्ये करत राहिले, कारण वरिष्ठांना त्याची वळणे आवडत. सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मला लेख मागितला आहे, तेव्हा हे सुरुवातीलाच सांगते. गौरव समितीच्या पत्रात 'आठवणी प्रसन्न असाव्यात' अशी सूचना आहे. माझ्याजवळच्या आठवणी तशा नाहीत.

सर मूळचे कोन गावचे. घरची भातशेती होती, ती आता गोदामांखाली गेली. शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला की गावची बोली बाहेर येई. तो राग आम्ही बहुतेक संध्याकाळी पाहत असू. निवृत्तीनंतर ते रोज चारच्या सुमारास वाचनालयात येत. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती मंडळी जमत आणि वाद रंगत. वाद राजकारणावर कमी आणि मोबाइल, प्रिंटर, फायली यांवर जास्त होत. कोणता फोन घ्यावा, जुना का टाकावा, फोटो कुठे ठेवावेत. यंत्रमागांचे कारखानदार अन्सारीशेठ दरवर्षी नवा फोन घेत आणि सरांच्या रबरबँड लावलेल्या फोनची कीव करीत.

"सर, नया ले लो. फोटो अपने आप ऊपर चला जाता है," ते म्हणत.

"वर म्हणजे कुठं, शेठ? पत्ता द्या, मी जाऊन बघून येतो," सर म्हणत. "पासवर्ड विसरलात तर मुलीच्या लग्नाचे फोटो कुणाचे?"

सगळे हसत. सरही हसत. पण सरांची पाठ वळली की हसण्याचा सूर बदले. 'फॉन्टवाले सर' हे नाव तिथेच पडले. कुणी त्यांची नक्कल करी; बोट वर करून "आत मराठी न्हाय!" म्हणे. या ग्रंथात ज्यांचे लेख माझ्या लेखाशेजारी छापले जातील, त्यांच्यापैकी काहीजण ती नक्कल फार छान करीत. मीही त्या नकलेला हसले आहे.

सरांनी माझ्यासाठी काय केले ते आता सांगते. माझे पती अपघातात गेले तेव्हा त्यांचा आवाज असलेली एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती. त्यांच्या जुन्या साध्या फोनमध्ये त्यांनी चुकून की गंमत म्हणून मिनिटभराचे काहीतरी रेकॉर्ड केले होते. तो फोन बिघडला. फाइल निघाली, पण ती कुठल्याच नव्या फोनवर वाजेना. दोन दुकानदारांनी सांगितले, "ही फाइल खराब आहे, डिलीट करा."

मी ती सरांकडे नेली. सर म्हणाले, "फाइल खराब नाही. भाषा जुनी आहे, एवढंच." तीन दिवसांनी त्यांनी मला दोन सीड्या आणि एक पेन ड्राइव्ह आणून दिला. तिन्हींवर तेच रेकॉर्डिंग होते. "एक घरी ठेवा, एक माहेरी, एक इथे कपाटात," ते म्हणाले. आणि जाता जाता म्हणाले, "मी सगळं ऐकलेलं नाही, बाई. सुरुवातीचा 'हॅलो' वाजला, तिथंच बंद केलं. पुढचं तुमचं आहे."

या माणसाशी मी पुढे जे वागले, ते वाचताना हा प्रसंग लक्षात ठेवावा.

दहाएक वर्षांपूर्वी आपल्या वाचनालयाने शिक्षक भरतीच्या परीक्षेसाठी बारा अभ्यासपुस्तिका काढल्या. तालुक्यातल्या चांगल्या शिक्षकांकडून लिहून घेतल्या, छापल्या, थाटात प्रकाशन केले. टायपिंग अर्थातच जुन्या फॉन्टमध्ये झाले. त्याच सुमारास निलोफर वाचनालयात येऊ लागली. सुताचे दुकान चालवणाऱ्या इब्राहिमभाईंची ही मुलगी. लहानपणीच्या आजारात तिची दृष्टी गेली होती. मराठी माध्यमातून शिकून तिने डी.एड. केले होते आणि तिला शिक्षिका व्हायचे होते. आमच्या एका संगणकावर सरांनी स्क्रीन रीडर बसवला होता, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय. निलोफर कानाला हेडफोन लावून तासन्‌तास ऐकत बसे.

पुस्तिकांची पीडीएफ मी कौतुकाने तिला लावून दिली. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग तिने हेडफोन काढून माझ्यापुढे धरला.

"मॅडम, ही बाई काय बोलते तेच कलत न्हाय. डॉलर, कंस, कंस, टिंब."

सर बाजूलाच होते. त्यांनी हेडफोन घेऊन ते ऐकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज आणला. बाराही पुस्तिका युनिकोडमध्ये आणाव्यात. काम आपण स्वतः करू. टायपिंग करणाऱ्या ऑपरेटरने संस्थेला दिलेली मूळ फायलींची सीडी तेवढी द्यावी. पीडीएफला छापखान्याने कुलूप घातले होते, तिच्यातून मजकूर उचलून घेता येत नव्हता. त्या फायली हाताशी असल्या तर अक्षरे बदलून देणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमने बरेचसे काम काही दिवसांत होते. उरलेल्या चुका डोळ्यांनी दुरुस्त कराव्या लागतात. छापील पुस्तिकेवरून करायचे तर प्रत्येक शब्द नव्याने टाइप करावा लागतो.

कार्यकारिणीच्या सभेचे टिपण मी घेत होते, म्हणून कोण काय बोलले ते मला पक्के आठवते. छपाईचे काम पाहणारे सभासद म्हणाले, "युनिकोडमध्ये जोडाक्षरं घाण दिसतात." एकजण म्हणाले, "तिला कुणीतरी वाचून दाखवावं, एवढं काय त्यात?" आपले अध्यक्षसाहेब, जे आज या गौरव समितीचेही अध्यक्ष आहेत, म्हणाले, "एका मुलीसाठी बारा पुस्तिका? आणि फायली बाहेर गेल्या तर उद्या कोणीही छापेल."

सर उठून उभे राहिले. "साहेब, एक मुलगी तुम्हाला माहीत हाय म्हणून एक. ज्या आल्याच न्हाईत, त्या कशा मोजणार?"

अध्यक्षसाहेबांनी घड्याळ पाहिले. मी वहीत लिहिले, 'विषय पुढील सभेत घ्यावा.' पुढच्या सभेतही तेच लिहिले आणि त्याच्या पुढच्या सभेतही.

सभा संपल्यावर अध्यक्षसाहेब माझ्या टेबलाशी आले. "सीडी तुमच्या कपाटात आहे ना? तरे सरांना द्यायची नाही. विचारलं तर सापडत नाही म्हणा." तेव्हा मी पतीच्या माघारी एकटीने घर चालवत होते आणि नोकरीत अजून कायम झाले नव्हते. मी हो म्हणाले. सरांनी विचारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितले, "सर, ती सीडी सापडत नाहीये."

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. "बरं," म्हणाले. "मग मी टाइप करतो."

आणि खरोखरच सर टाइप करू लागले. दोन बोटांनी, छापील पुस्तिका पुस्तकाच्या घोडीवर उभी करून, माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर. एक पुस्तिका झाली की निलोफर ती ऐके आणि चुका सांगे. तक्ते तर सर तिला समजतील असे वाक्यांत लिहून काढीत. "नुसता तक्ता दिला तर पोरीनं ओळ कुठली आणि रकाना कुठला ते कसं ओळखायचं?" ते म्हणत. त्यांच्या मानेला पट्टा आला. उजव्या हाताची बोटे आखडू लागली. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. रोज संध्याकाळी मी ती पर्स खांद्याला लावून त्यांच्यासमोरून "येते हं सर" म्हणत घरी जात असे.

परीक्षेपर्यंत नऊ पुस्तिका झाल्या. तीन राहिल्या. निलोफर थोडक्यात नापास झाली. राहिलेल्या तीन विषयांतच तिचे गुण कमी पडले होते. पुढच्या परीक्षेला पुन्हा बसायचे ठरले आणि सरांनी त्या तीन पुस्तिकाही पुऱ्या केल्या; पण तेवढ्यात इब्राहिमभाईंना अर्धांगाचा झटका आला. दुकान बंद झाले. निलोफरने राहनाळच्या एका गोदामाच्या कार्यालयात फोनवरची नोकरी धरली. माल कुठे पोहोचला, गाडी कुठे अडली, हे ती दिवसभर लोकांना सांगते. काम चांगले करते, मान आहे, हे खरे. पण तिला वर्गात उभे राहायचे होते आणि ते राहून गेले, हेही तितकेच खरे.

नंतर बऱ्याच वर्षांनी सरकारी पत्र आले की सर्व मजकूर युनिकोडमध्ये हवा. तेव्हा आपल्या वाचनालयाने मोठ्या तत्परतेने त्या बारा पुस्तिका संकेतस्थळावर चढवल्या. त्या सरांनी टाइप केलेल्या होत्या. खाली नाव वाचनालयाचे. त्यासाठी एक सत्कारही झाला आणि शाल अध्यक्षसाहेबांनी स्वीकारली. सर मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

गेल्या महिन्यात या लेखासाठी काही गोष्टी पडताळून पाहाव्यात म्हणून मी राहनाळला जाऊन निलोफरला भेटले. दुपारची जेवणाची सुट्टी होती. मी बरेच अडखळत तिला सीडीबद्दल सांगितले. वाटले होते, ती चिडेल.

"माहीत हाय मॅडम," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासून. सरांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, सर, तुम्ही मॅडमकडं मागा ना परत, भांडा. तर म्हणाले, सीडी त्यांच्याच कपाटात हाय. द्यायची असती तर त्यांनी दिली असती. त्यांच्यावर नोकरीची तलवार हाय, मी मागत राहिलो तर त्यांचीच मान जाईल. आपण टाइप करू."

 निलोफरने डबा बंद केला. "तुमचा राग न्हाय असं मी म्हणणार न्हाय," ती म्हणाली. "तेव्हा खूप होता. सरांचाही आला होता. माझं वर्ष घालवून ते तुम्हाला वाचवत होते ना."

हे तिचे म्हणणे मी आहे तसे इथे दिले आहे. सरांच्या चांगुलपणाचीही किंमत कुणीतरी मोजली, ती निलोफरने. ती कोणी मोजायची हे सरांनी ठरवले, मी नाही, असे म्हणून मला सुटता येणार नाही. ती वेळ त्यांच्यावर मी आणली.

घरी आल्यावर मी सरांना फोन केला. म्हटले, "सर, तुम्हाला माहीत होतं."  सर म्हणाले, "बाई, त्या नवव्या पुस्तिकेत अजून दोन चुका आहेत. संकेतस्थळावर दुरुस्त करायला कुणाला सांगायचं?" त्यांनी विषय बदलला असे मी आधी समजले. आता वाटते, त्यांच्या लेखी विषय तोच होता.

हा लेख छापण्याआधी मी निलोफरला ऐकायला पाठवला. तिने एकच दुरुस्ती सांगितली. मी आधी 'तिचे यश थोडक्यात हुकले' असे लिहिले होते. "मॅडम, नापास झाले तर नापास लिहा," ती म्हणाली. म्हणून तसे लिहिले आहे.

समितीकडून निरोप आला आहे की ग्रंथाची मांडणी सुबक व्हावी म्हणून सर्व लेख त्याच जुन्या फॉन्टमध्ये द्यावेत. मी माझा लेख तसा दिलेला नाही. गाळायचा असल्यास गाळावा. मात्र मुखपृष्ठावर 'डिजिटल युगाचे द्रष्टे' असे सरांबद्दल छापण्यापूर्वी, त्यांना सभेत घड्याळ दाखवून विषय पुढे ढकलला तेव्हा कोण कोण हजर होते, त्यांची यादी वाचनालयाच्या कार्यवृत्तात पाहावी. अक्षर माझे आहे आणि स्वच्छ आहे.

सर, अशा ग्रंथाच्या शेवटी शतायुष्य चिंतायचे असते. मी तुम्हाला मनापासून निरोगी आयुष्य चिंतते. मानेचे दुखणे थांबो, बोटे मोकळी राहोत, संध्याकाळचा चहा आणि तुमचे वाद चालू राहोत. आणि आमच्यातल्या प्रत्येकाला 'चुकलो' हा एक शब्द तुमच्यासमोर उच्चारायला जितकी वर्षे लागतील, तितकी वर्षे तुम्ही आमच्यात असावे. माझ्यापुरते मी आणखी थांबत नाही. सर, माझे चुकले.