घरच्याच गाळ्यातली पावडर

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं डोक्यातून पुसली गेली. भिवंडीतलं हे एक मात्र अजून जसंच्या तसं आठवतं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वजन कमी करायची एक पावडर होती आणि तेवीस वर्षांची एक मुलगी होती. नावं कुणाचीच देत नाही. लोकांच्या तोंडी यायची त्या घराला आधीच फार धास्ती होती, आणि त्या धास्तीनंच सगळा घोळ केला.

मार्गशीर्ष चालू होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदारानं एका खासगी इस्पितळाकडून आलेली एमएलसी पुढे ठेवली. विषबाधेची शंका आली की इस्पितळ पोलिसांना असं कळवतं. खारबावच्या बाजूच्या गावातली मुलगी, लग्न ठरलेलं, ब्लाउजचं माप देताना चक्कर येऊन पडली होती. ठरलेलं लग्न आणि विषबाधेची शंका एकत्र आली की पोलिसाच्या मनात एकच गोष्ट येते, मनाविरुद्ध ठरलं म्हणून मुलीनं काही खाल्लं. मीही तीच मनात धरून गेलो.

मुलगी पलंगावर होती, हाताला सलाईन. शेजारी आईवडील. वडील पन्नाशीचे, शेतजमिनीवर गोदामं बांधून भाड्यानं देणारे, बोलायला मोकळे.

“साहेब, मार्गशीर्षाचे गुरवार धरलेत तिनं. उपासानी चक्कर आली. दुसरं काय न्हाय.”

“गुरुवार आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे दिवस जेवते ना?”

“जेवते की. लगीन हाय, म्हनून जरा कमी खाते. पोरी असंच करतात.”

आईनं लगेच पुस्ती जोडली, “तुमी उगा मनात काय आनू नका, साहेब. तिच्या पसंतीनंच जमलंय.”

गावात चौकशी केली, तर लग्न मुलीच्याच पसंतीचं हे खरं निघालं. आईवडिलांचे जबाब घेतले, सह्या घेतल्या. मुलीला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं आणि माझ्या लेखी विषय मिटला.

चार दिवसांनी एक बाई ठाण्याच्या दारात घुटमळत होती. हवालदारानं आत आणलं. ती वळ गावातल्या एका गाळ्यात पॅकिंगला होती. गोदामाच्या एकेका शटरला इकडे गाळा म्हणतात.

“साहब, मेरा नाम मत लिखना,” ती म्हणाली. “हमारे गाले में वजन घटाने का पावडर भरते हैं. मैं खाती नहीं, सिर्फ भरती हूँ. फिर भी दिल धक-धक करता है, हाथ काँपता है. मास्क माँगा तो बोले, जड़ी-बूटी है, इसमें क्या मास्क?”

तिनं हात पुढे केले. बोटं थरथरत होती. खबर द्यायला माणूस पैशासाठी येतो, खुन्नस काढायला येतो किंवा भीतीनं येतो. भीतीनं आलेल्याचं म्हणणं सहसा खोटं निघत नाही.

त्याच संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. तीच मुलगी पुन्हा दाखल झाली होती, या वेळी आयसीयूमध्ये. डॉक्टर वैतागले होते. “ठोके आवरत नाहीत, पोटॅशियम घसरतंय. घरचे म्हणतात उपास. उपासानं असं होत नाही. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी अंधारात चाचपडतोय.”

फोन ठेवून मी दुसऱ्या दिवशीच्या छाप्याच्या तयारीला लागलो. दोन्ही प्रकरणांचे कागद माझ्याच टेबलावर शेजारी शेजारी होते आणि मला त्यांचा संबंध दिसला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

सकाळी औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन गाळ्यावर गेलो. कुलूप होतं. आत काम करणारा मॅनेजर जवळच्या टपरीवर चहा पिताना सापडला, चावी मात्र ‘सेठ घेऊन गेले’ म्हणाला, म्हणजे गाळा भाड्यानं घेणारा. मग हवालदारानं गाळेमालकाला फोन लावला. अर्ध्या तासात गाडी आली आणि तिच्यातून मुलीचे वडील उतरले. इस्पितळातून सरळ आले होते, डोळे तारवटलेले.

त्यांच्याकडच्या दुसऱ्या चावीनं शटर वर गेलं. आत मसाला ढवळायला वापरतात तसा एक ड्रम होता, तांदळाच्या पिठाच्या गोणी होत्या, एक छोटी चक्की होती. चक्कीशेजारी बिनलेबलच्या पिशव्यांत गोळ्याच गोळ्या. भिंतीशी भरलेले डबे, वर हिरवं पान आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’.

दोन वर्षं गाळा भाड्यानं दिला होता, पण शटरच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. भाडोत्री कोण याची माहितीही ठाण्यात दिलेली नव्हती. आता ते त्या गोळ्यांकडेच बघत राहिले.

“या कसल्या गोल्या?” त्यांनी विचारलं. मग गोणीवर बसलेच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “घरी कोण घेतं ही पावडर?”

“आपल्याच गाल्यातला माल, साहेब. भाडोत्र्यानं दिवालीला डबे दिले. पोर बाहेरचं कायतरी मागवनार होती. मीच बोललो, बाहेरचं नको, घरचं हाय, हेच घे.”

“आणि इस्पितळात उपास सांगितलात?”

“सोयऱ्यांना कलालं असतं. बोलले असते, पोर औषधावर बारीक केलीय.” एवढा मोठा माणूस, तोंडावर रुमाल धरून रडायला लागला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

पंचनामा निरीक्षकांवर सोडून मी मॅनेजरला ठाण्यात आणला. चांगला गरगरीत होता.

“आप खुद नहीं लेते?” मी विचारलं.

“हमको शुगर है, साहब.”

हसू आलं, पण वेळ हसायची नव्हती. अर्धा तास तो ‘हर्बल है’ सोडून काही बोलेना. मी आवाज चढवला नाही. डॉक्टरांना फोन लावून फोन टेबलावर उघडा ठेवला. “ये लड़की के डॉक्टर हैं. लड़की आईसीयू में है. वो गई, तो तुझपर कलम दूसरी लगेगी. जो मिलाया है, इनको बता.”

त्यानं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घडाघडा बोलला. थायरॉईडच्या गोळ्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या, पिठात दळून. किती पिशव्यांना किती पीठ, तेही सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि निरोप न घेताच फोन ठेवला.

मुलगी वाचली. आठवड्यानं ती वॉर्डात आली. भाडोत्री महिन्याभरानं हाती लागला, पुढचं काम कोर्टाचं.

एकदा मी डॉक्टरांना सरळच विचारलं, अशा पावडरींनी वजन उतरतं का हो? ते म्हणाले, “बहुतेकांनी काही होत नाही. काहींनी जेवण थोडं आवरतं, तेही खाणं-चालणं बदललं तरच. आणि जी पावडर महिन्याभरात अंगावर फरक दाखवते, तिच्यात डब्यावर न छापलेलं काहीतरी आहे असं समजून आधी तपासून घ्या.” हे मी नंतर अनेकांना सांगितलं. किती जणांनी ऐकलं, माहीत नाही.

मुलगी वॉर्डात आली, त्याच दिवशी मी तिचा जबाब घ्यायला गेलो होतो. तिनं सगळं नीट सांगितलं. रोज दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या आठवड्यात छातीत धडधड. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, लगीन जवल आलं की व्हतं असं.

“पहिल्या वेळी मी आलो, तेव्हा तुला बोलता येत नव्हतं का?”

“येत व्हतं की, साहेब. मी जागीच व्हते. डबा कुठं हाय तेपन सांगितलं असतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमी बाबांना विचारीत व्हता.”

ती हे रागानं म्हणाली नाही. मी पेन खाली ठेवलं. सगळ्या नोकरीत मी शिपायांना एकच शिकवत आलो होतो, ज्याच्यावर बेतलंय त्याला आधी विचारा. आणि त्या दिवशी मी तिच्या उशाशी उभा राहून, तिच्या डोक्यावरून बोलत, तिचा जबाब तिच्या बापाकडून घेतला होता. मधल्या दिवसांत ती घरी जाऊन तीच पावडर पुन्हा घेत राहिली.

जबाबाच्या कागदावर मी तिचं ते वाक्य लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.