दाबलेल्या फाइलीत उरलेली ओळ

"मी वेबसाइटच्या फाइली दाबते," असं जिनत शेख सांगायची आणि लोक हसायचे. २०११ सालची गोष्ट. सदाशिव पेठेत दवाखाने आणि क्लासेसच्या वेबसाइट करणारं आमचं सहा माणसांचं ऑफिस होतं. दहा-बारा फाइलींची एक करायची, त्यातल्या मोकळ्या जागा आणि माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या टिपा गाळायच्या, म्हणजे पान झटकन उघडतं. गाळायचं काम एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, करायची. पण जिनत प्रत्येक फाइल पुन्हा तांदूळ निवडल्यासारखी तपासायची.

टिपा लिहाव्यात तर अभय कांबळेनं. प्रोग्रॅम कमी, टोमणे जास्त. त्याला कॅन्सर झाला तेव्हा घरच्यांनी त्याला कावीळ म्हणून सांगितलं आणि आम्हालाही तेच बोलायला लावलं. जिनत भेटायला गेली, खाली बघत म्हणाली, "सोमवारी येशील बघ ऑफिसला." त्यानंतर तो महिनाभर पलंगावरूनच काम करत राहिला आणि मग गेला. आपण त्याच्या तोंडावर खोटं बोललो, हे जिनतला खात राहिलं.

आठवड्यानं तिनं अभयनं पलंगावरून पाठवलेल्या तीन फाइलींपैकी पहिली, एका दवाखान्याची, दाबली. सगळ्या टिपा गेल्या, एक उरली: "जिनत, घाबरलीस?"

तिनं खुर्ची मागे ढकलली. मी शहाणपणा केला. टिपेच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असलं की लायब्ररी ती टीप ठेवते, मालकी हक्काच्या सूचनांसाठी ती सोय असते. "भूत नाही, चिन्ह आहे," मी म्हणालो. तिनं चिन्ह काढलं, ओळ गेली.

दुसऱ्या दिवशी एका क्लासची फाइल. तिच्यातही एकच ओळ उरली: "काढलंस ना ते? वाटलंच होतं."

आता माझंही शहाणपण संपलं. भर दुपारी अंगावर काटा आला. अभयची तिसरी आणि शेवटची फाइल तिनं चार दिवस टाळली. शेवटी मालक बापूराव खेकसले, "मुहूर्त काढायचाय का?" तेव्हा तिनं ती दाबली.

"सोमवारचं बोललीस तेव्हाच मला कळलं. तुला खोटं बोलता येत नाही. पण आईशी खोटं बोल. मला माहीत होतं हे तिला कळता कामा नये."

 नेमक्या त्याच दुपारी अभयची आई, कांताबाई, त्याचा डबा न्यायला आल्या. जिनत उठून स्क्रीन झाकेल अशी उभी राहिली.

"पोरी, त्याला काही कळलं नव्हतं ना ग? तेवढ्यावरच मी दिवस काढतेय."

"नाही, मावशी," जिनत त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. "शेवटपर्यंत नाही."

तिची पापणीसुद्धा हलली नाही. त्या ओळींची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी वाटली. कांताबाई डबा छातीशी धरून जिना उतरल्या. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तेव्हा जिनतनं चिन्ह काढलं आणि फाइल पुन्हा दाबली. या वेळी काही उरलं नाही.