होसियत आपाची ढोली

आमच्या झरफशान नदीकाठच्या गावात वसंत आला का, हे होसियत आपालाच विचारावं. जर्दाळूचा बहार तिच्या खिजगणतीत नाही. अंगणातल्या म्हाताऱ्या तुतीच्या ढोलीत तिचं घुबड परतलं, की वसंत! मूठभर राखाडी पाखरू. पण हिवाळ्यात डोंगर, वाळवंटं ओलांडून हिंदुस्थान गाठतं. कच्छच्या काटेरी माळांवर दिसतं, कधी महाराष्ट्रापर्यंतही जातं म्हणे. आणि एप्रिलमध्ये याच ढोलीत हजर!

आपा नवी नवरी होती, तेव्हा सासरी तिच्या हाकेला ओ देणारं ढोलीतलं घुबडच तेवढं होतं, याचंच कुणी पूर्वज. शेजारणी म्हणायच्या, "घुबड आलं, घर बुडालं!" आपा म्हणायची, "बुडायला आहे काय इथे?"

यंदा मात्र घोटाळा झाला. परवा पहाटे 'घुप, घुप' ऐकून मी शेजारून कुंपणाशी धावले. पाखरू तुतीभोवती घिरट्या घालत होतं. आपाने कंदील वर धरला, तर ढोलीच नाही!

"ढोली कुठाय?"

तिचे यजमान तुराबभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "छाटणीच्या वेळी चिखलाने लिंपली. झाड कुजू नये म्हणून सगळ्याच लिंपतो ना आपण, ही सोडायची राहिली."

"घर लिंपलंत माझ्या पाखराचं!" आपाला रडूच फुटलं. उजाडायच्या आत ढोली मिळाली नाही, तर ते दुसरीकडे जाणार आणि परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तुराबभाऊंचे गुडघे गेलेले. चढणार तीच, पण तिच्या छातीशी रेशीमकिड्यांच्या अंड्यांची थैली होती. अंगाच्या उबेनेच ती फुटतात. नऊ दिवस दिलेली ऊब! हिसका बसला की अख्ख्या वर्षाची कमाई पाण्यात.

तिने एकदा पाखराकडे, एकदा थैलीकडे पाहिलं. मग थैली काढून नवऱ्याच्या काखेत कोंबली.

"अगं, हे बायकांचं काम! गाव हसेल!"

"हसू दे. तुम्ही हलू नका."

पन्नाशीची बाई सरसर चढली हो! खुरप्याने ढेकळं उडवली. ती खाली उतरते न उतरते, तोच पाखरू आलं, डोकावलं आणि आत शिरलं.

"आलं! अहो, आलं!" आपा नाचायलाच लागली. "द्या आता थैली."

तुराबभाऊ खांबासारखे उभे. डोळे पाणावलेले.

"ओरडू नकोस," ते कुजबुजले. "इथेही थैलीत वळवळायला लागलंय. जरा राहू दे माझ्यापाशी."