फाऊल दिल्यावर थांबायची जागा

पूर्वी बास्केटबॉलच्या पंचाला एक सुख होतं. फाऊल द्यायचा, टेबलावरच्या गुण लिहिणाऱ्यांना हातानं खुणा करायच्या आणि मैदानाच्या पलीकडच्या अंगाला सटकायचं. टेबलाच्या दोन्ही बाजूंना संघांचे कोच उभे असतात. त्यांना काय बोंबलायचं ते बोंबलू दे, आपण लांब. मग कुणा शहाण्यानं नियम बदलला. ज्यानं फाऊल दिला त्यानंच टेबलाच्या बाजूला थांबायचं, म्हणजे कोचला शंका विचारता येते. म्हणजे आ बैल मला मार! कोल्हापुरात कोच शंका विचारतो कधी? तो सरळ आई-बापावर येतो.

नव्या नियमानंतरच्या एका फायनलला मी पंच होतो. एका संघाचे कोच होते पेठ वडगावचे एक मास्तर. आदल्याच रविवारी आम्ही त्यांची मुलगी बघून आलो होतो. मला ती फार आवडली होती, अगदी जेवण जाईना इतकी. पण त्यांच्याकडून होकार यायचा होता.

पहिल्या हाफमध्ये त्यांच्या पोरांवर फाऊल दिला की मी खुणा उरकून पलीकडं पळायचो. जोडीदार पंचानं दोनदा डोळे वटारले. शेवटी जवळ येऊन म्हणाला, लग्न व्हायचं तेव्हा होईल, आधी नियम पाळ.

खेळ संपता संपता मास्तरांच्या सगळ्यात भारी पोरानं समोरच्याला हवेतच ढकललं. माझी शिट्टी वाजली. झालं, म्हटलं, आता बसा आयुष्यभर हातानं भाकऱ्या थापत. खुणा केल्या आणि गुमान मास्तरांशेजारी जाऊन उभा राहिलो.

"पावणं, डोळं घरात ठेवून आलाय काय?" तिथनं त्यांनी सुरुवात केली. मी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणालो, की ढकललं, मी बघितलं. संघ हरला. जाताना त्यांनी माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

त्याच आठवड्यात होकार आला. मध्यस्थाला ते म्हणाले होते, "पळत हुता तवा न्हाईच म्हणणार हुतो. शेवटाला उभा ऱ्हायला की."

सासऱ्यांनी हे लेकीलाही सांगितलंय, तिथंच घोळ झाला. परवा आमटी खारट झालीय म्हणालो आणि चप्पल घालून बाहेर सटकायला लागलो. बायकोनं स्वयंपाकघरातनं हाक मारली.

"शिट्टी मारलीसा न्हवं? मग हितं येऊन उभं ऱ्हावा."

गेलो. खारट आहे, हे तिच्या तोंडावर पुन्हा सांगितलं. मग आमटी गार होईपर्यंत ऐकून घेतलं.